धुराचा दमा रक्तात दिसतो का? (आईच्या रिपोर्टावरून पडलेले प्रश्न)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आई ६२ वर्षांची, गाव गंगाखेड तालुक्यात. विडीला कधी हात लावला नाही, मिसरी मात्र रोजची. लग्न होऊन आली तेव्हापासून चूल. सरपण म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीच्या ढलप्या, नाहीतर गोवऱ्या. घरी गॅस आहे, पण चहापुरता. भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच.

काही हिवाळ्यांपासून खोकला आहे, सकाळी बेडका पडतो, शेतातून घरी येईस्तोवर मधे टेकावं लागतं. गेल्या दिवाळीत इतकी धाप लागली की परभणीला ॲडमिट केलं. त्याआधी कधीतरी टीबीच्या गोळ्यांचा कोर्स झालाय, बेडक्यात मात्र काही निघालं नव्हतं.

आता मुद्दा. तालुक्याला एका लॅबचं शिबिर होतं, 'फुफ्फुस प्रोफाइल' नावाचं पॅकेज. मेव्हण्याने आईला नेऊन रक्त दिलं. हिमोग्लोबिन ९.८, पांढऱ्या पेशी ७८००, त्यात इओसिनोफिल ६ टक्के, सीआरपी ९, फायब्रिनोजेन ४३०, आयजीई (ॲलर्जीत वाढतं ते) वाढलेलं, अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नॉर्मल. खाली छापलंय, 'सीओपीडीची शक्यता', म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. मेव्हणा म्हणायलाय की रक्तातच निघालं, आता अजून तपासण्या कामून करायच्या? रक्तावरून हे खरंच कळतं का?

पऱ्हाटी
एवढा धूर खाल्लेल्या माणसाच्या रिपोर्टात काहीच लाल आलं नसतं तर नवल. फुंकायची टेस्ट केली का?

गोदाकाठ
नाही केली. इथं ते मशीनच नाही.

बालाघाट
मी छातीचे विकार बघतो, मराठवाड्यातच. पेशंट न बघता औषध सांगणार नाही, रिपोर्टाबद्दल मात्र बोलतो.

सीओपीडी आहे की नाही हे ठरवणारी रक्ततपासणी आज नाही. धुराने झालेला, विडीने झालेला, कुठलाही घ्या. निदान होतं स्पायरोमेट्रीवर, म्हणजे पऱ्हाटी म्हणतात त्या फुंकायच्या टेस्टवर. नळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचा पंप देऊन दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोर लावून सगळा बाहेर काढायचा. पहिल्या सेकंदात आलेली हवा आणि एकूण आलेली हवा यांचं गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिलं, तर नळ्या अरुंद झाल्यात आणि औषधानेही पुरत्या मोकळ्या होत नाहीत. त्याला जोडून लक्षणं आणि धुराचा इतिहास असला की निदान पक्कं होतं. वय वाढेल तसं हे गुणोत्तर आपसूकही उतरतं, म्हणून काठावरचा आकडा आला तर नुसत्या आकड्यावर शिक्का मारू नये.

तुमच्या रिपोर्टातल्या आकड्यांचं सांगतो. सीआरपी म्हणजे शरीरात कुठंतरी सूज आहे एवढंच. मिसरीने हिरड्या सुजल्या असल्या, गुडघा धरला असला, तरी ते थोडं वर जातं.

फायब्रिनोजेन म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, त्याची जाहिरात हल्ली 'एफडीए मान्य' म्हणून होते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०१५ साली त्याला मान्यता दिली हे खरं, पण कशासाठी? नव्या औषधांच्या चाचण्यांत ज्यांना वारंवार दम वाढण्याचा धोका जास्त आहे असे रुग्ण निवडून घेता यावेत म्हणून. ३५० च्या वर म्हणजे जास्त, ही रेघ तिथून आली. आधीच सीओपीडी ठरलेल्या माणसांची ही निवड आहे. तुमच्या आईला आजार आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे फुफ्फुसाला जपणारं प्रथिन आयुष्यात एकदा बघावं असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, पण ज्यांना सीओपीडी ठरला आहे त्यांच्यासाठी. त्याच्या कमतरतेचा जन्मजात दोष उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त आढळतो, आपल्याकडे विरळा. शिवाय अंगात सूज असली की हे प्रथिन वाढतं. सीआरपी चढलेलं असताना आलेला 'नॉर्मल' म्हणूनच पूर्ण विश्वासाचा नव्हे.

कामाचा आकडा इओसिनोफिलचा आहे. ७८०० चे ६ टक्के म्हणजे ४६८. सीओपीडी ठरल्यावर, आणि दम वाढून ॲडमिट व्हावं लागलं असेल तर, ३०० च्या वर इओसिनोफिल असलेल्यांना पंपातल्या स्टिरॉइडचा चांगला फायदा होतो. १०० च्या खाली असेल तर फायदा नगण्य, उलट न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणजे निदानाला याचा उपयोग नाही, कुठला पंप द्यायचा हे ठरवायला आहे.

आणि हिमोग्लोबिन ९.८. याबद्दल कुणी चकार शब्द काढला का? धाप लागायचं ते स्वतंत्र कारण आहे. रक्तात ऑक्सिजन बराच काळ कमी राहिला तर शरीर तांबड्या पेशी वाढवून भरपाई करू बघतं. ज्या बाईच्या अंगात लोहच नाही तिला तेही जमत नाही.

मेव्हणा_नं_१
तो मेव्हणा मी नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

नळीवाला
लॅबमध्ये आहे, नांदेडला. आमच्या बाजूचं थोडं सांगतो. फायब्रिनोजेनला निळ्या टोपणाची सायट्रेटची नळी लागते आणि ती खुणेपर्यंत भरावी लागते. शिबिरात गर्दी असते, शीर सापडत नाही, नळी अर्धी भरते, मग रक्त आणि सायट्रेटचं प्रमाण बिघडतं आणि आकडाही. वर ती तालुक्याहून शहरात जाणार, उन्हाळ्यात बेचाळीस डिग्रीत. बर्फाचा डबा असतो, पण बर्फ कितपत राहतो ते न विचारलेलं बरं. ४३० खोटाच आहे असं म्हणत नाही. त्यावर आईचं भवितव्य ठरवू नका.

अजून एक. रक्त द्यायच्या आधीच्या काही दिवसांत गावात स्टिरॉइड, म्हणजे डेक्साची सुई दिली असेल किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या चालू असतील, तर इओसिनोफिल जवळजवळ शून्यावर येतात. मग कागद बघून मोठा डॉक्टर म्हणणार, स्टिरॉइडचा पंप नको. हे आम्ही नेहमी बघतो. रक्त घेताना पेशंटला कुणी विचारतच नाही.

बालाघाट
नळीवाले, लाख बोललात. उलट दिशेचंही आहे. आपल्याकडे इओसिनोफिल वाढायला कारणांचा तोटा नाही: जंत, त्वचेची ॲलर्जी, आणि हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणारा एक फुफ्फुसाचा विकार. नांदेड, लातूर, धाराशिव हे हत्तीरोगाच्या यादीतले जिल्हे. या विकारात रात्रीचा खोकला, घरघर असते आणि इओसिनोफिल तीन हजारांच्या वर जातात. हत्तीरोगावरच्या डीईसीच्या गोळ्यांनी उतार पडतो. ४६८ त्याच्या जवळपासही नाही, पण जंताची गोळी देऊन पुन्हा मोजायला काय हरकत आहे? मी तेच करतो.

स्पष्टवक्ता
डॉक्टर, सगळं कबूल. पण धारूर, सेनगाव, जिंतूरच्या बाईने स्पायरोमेट्रीला जायचं कुठं? रक्त काढायला शिबिर तिच्या दारी येतं. मशीन येत नाही. म्हणून तर लोक रक्ताच्या टेस्टच्या मागं लागायलेत. तुम्ही 'रक्तात नाही' म्हणून मोकळे होणार आणि ती घरी खोकत बसणार.

बालाघाट
तुमचा राग बरोबर आहे. तरी चुकीची टेस्ट दारात आली म्हणून ती बरोबर ठरत नाही ना. पोर्टेबल स्पायरोमीटर लहान पिशवीत मावतो. अडचण यंत्राची कमी आणि ते चालवणाऱ्याची जास्त आहे. फुंकून घेणं ही कला आहे. 'जोर लावा, लावा, लावा, अजून, अजून' असं सहा सेकंद ओरडावं लागतं, तीन फुंकण्या एकमेकींशी जुळाव्या लागतात. आमच्या बायकांना अनोळखी माणसासमोर तोंड मोठं करून फुंकायला लाज वाटते, सासू बसलेली असली तर विचारूच नका. माझ्याकडे एक सिस्टर आहे, ती आधी स्वतः फुंकून दाखवते, सगळ्या हसतात, मग काम होतं.

तोवर गावपातळीवर पीक फ्लो मीटर आहे, फुंकेचा वेग मोजणारी प्लॅस्टिकची नळी, स्वस्त. त्याने निदान होत नाही, पण कुणाला पुढं पाठवायचं एवढं समजतं. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात छातीविकाराचा विभाग आहे, तिथं विचारा.

तेरणाकाठची
मी याच विषयाच्या आसपास संशोधन करते (डॉक्टर आहे ती पीएचडीवाली, औषधं विचारू नका). बालाघाट यांनी हात घातला नाही असा एक कोपरा आहे.

सीओपीडीच्या रक्तातल्या खुणा शोधणारा सर्वात गाजलेला अभ्यास म्हणजे 'एक्लिप्स'. दोन हजारांवर रुग्ण, तीन वर्षं पाठपुरावा. फायब्रिनोजेन, सीआरपी, आणि सीसी१६, एसपी-डी ही फुफ्फुसातली प्रथिनं, ही नावं तिथून घरोघरी पोचली, म्हणजे आमच्यासारख्यांच्या घरी. त्यात रुग्ण म्हणून कोण घेतले होते? किमान दहा पॅक-वर्षं सिगारेट ओढलेले. रोज एक पाकीट या हिशेबाने दहा वर्षं. गोदाकाठ यांच्या आईला त्या अभ्यासात दारातूनच परत पाठवलं असतं, कारण ती सिगारेट ओढत नाही. आता त्या अभ्यासातून निघालेल्या पट्टीने तिलाच मोजायचं!

आणि दोन्ही आजार हुबेहूब सारखे नाहीत. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं आणि चुलीच्या धुराला मध्यभागी आणलं. मेक्सिकोतही लाकडावर स्वयंपाक करणाऱ्या बायकांचा बराच अभ्यास झालाय. सिगारेटवाल्यांमध्ये फुफ्फुसाचे फुगे फुटून एम्फिसीमा जास्त होतो. चुलीवाल्या बायकांमध्ये तो कमी, श्वासनळ्या जाड आणि चिवट होण्याचं प्रमाण जास्त. त्यांची फुंकण्याची ताकदही सिगारेटवाल्यांपेक्षा सावकाश उतरते, असं तिथल्या पाठपुराव्यात दिसलं. मग एम्फिसीमाशी नातं सांगणारी एसआरएजीई या प्रथिनासारखी रक्तातली खूण या बायकांमध्ये तितकीच बोलकी असेल का? मला तरी शंका आहे.

पऱ्हाटी
ताई, मग धुराची स्वतःची खूण रक्तात उरतच नाही का? एवढा धूर आत जातो, कुठंतरी नोंद राहत असंल की.

तेरणाकाठची
राहते, पण थोडा वेळ. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो, तो मोजता येतो. चार-सहा तासांत तो निम्म्यावर येतो. म्हणजे सकाळी भाकऱ्या थापल्या आणि दुपारी रक्त दिलं, तर सकाळची गोष्ट कळली, चाळीस वर्षांची नाही. लघवीत धुरातल्या काही रसायनांचे अंश मिळतात, तेही एक-दोन दिवसांचेच.

गंमत कोटिनीनची आहे. निकोटीन अंगात गेलं की त्याचं कोटिनीन होतं, म्हणून धूम्रपान करणारे वेगळे काढायला संशोधक ते रक्तात बघतात. मिसरी लावणाऱ्या मराठवाड्यातल्या बायकांचं कोटिनीन बघितलं तर निम्मा गाव 'स्मोकर' निघेल! मिसरीचं निकोटीन हिरडीतून रक्तात जातं, फुफ्फुसात धूर गेलेला नसतो. नुसत्या कोटिनीनवर गट पाडणाऱ्या अभ्यासात आपल्या आया-मावश्या चुकीच्या रांगेत उभ्या राहतील.

धुराचा रक्तावर परिणाम होतो याचा पुरावा मात्र आपल्याच देशात आहे. कोलकात्याच्या चित्तरंजन नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की लाकूड-गोवऱ्यांवर रांधणाऱ्या बायकांच्या रक्तात प्लेटलेट चेतवलेल्या असतात आणि त्या पांढऱ्या पेशींना चिकटून फिरतात. हा धोका फुफ्फुसापेक्षा हृदयाच्या बाजूचा जास्त. म्हणून धापेचं मूळ शोधताना हृदयही बघावं.

चुलीवरचंच
तुम्ही काही म्हणा, चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला नाही. माझी आजी ८८ ची होऊन गेली, जन्मभर चूल.

सुगरणखिंड
आजोबा पण सांगा ना, त्यांनी किती भाकऱ्या थापल्या? चव खाणाऱ्याला आणि धूर करणारीला, अशी वाटणी आहे ही. आणि आजी कशाने खोकायची, हे कुणी तपासलं होतं का?

माझ्या सासरी उदगीरकडं जुनं माळवदाचं घर होतं, त्याला चुलीच्या वर साणं होतं, धूर सरळ वर जायचा. नंतर स्लॅब टाकला. घर पक्कं झालं आणि धूर आत राहिला. साणं कुणी ठेवलं नाही, कारण पाऊस येतो म्हणे. आता स्वयंपाकघराची एक भिंत काळी आहे, ती दर दिवाळीला रंगवतात.

टोळीवाला
केज तालुका. आमचे आई-बाप ऊस तोडायला जायचे, लहानपणी मी पण कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहिलोय. दिवाळीनंतर गाव सोडायचं ते उन्हाळा लागल्यावर परत. पहाटे तीनला चूल पेटायची, कोपीच्या तोंडाशी, थंडीमुळं वरून कापड सोडलेलं. जळण म्हणजे काय मिळंल ते, ओलं-सुकं. धूर सगळा आत, लेकरं आतच झोपलेली. दिवसभर फडात पाचटाची धूळ. हे कुठल्याच अभ्यासात कोणी मोजलं नसंल. गावात असताना शिबिर येतं, तेव्हा ही माणसं फडात असतात.

तेरणाकाठची
टोळीवाला, तुमचं वाचून न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाची आठवण झाली, आणि तुलना करताना जरा लाजही वाटली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिथल्या धुळीत काम केलेल्या जवानांचं रक्त पहिल्या काही महिन्यांतच काढून गोठवून ठेवलं होतं. पुढं वर्षानुवर्षं त्यांची फुंकायची टेस्ट झाली. कुणाची फुफ्फुसं उतरली आणि कुणाची टिकली ते कळल्यावर संशोधकांनी ते जुनं रक्त बाहेर काढलं आणि त्यात आधीपासून काय वेगळं होतं ते शोधलं. रक्तातली खूण शोधायची खरी रीत ही. आधी रक्त, मग अनेक वर्षं माणसाचा माग. एकदाच रक्त काढून 'शक्यता' छापायची, हे त्याच्या शेवटच्या टोकापासून सुरू करण्यासारखं आहे.

ऊसतोड टोळ्यांचं असं काही करायचं तर हंगामाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा, मुकादमाच्या वहीतल्या नावांनिशी करावं लागेल. अवघड नाही. करणारं कुणी पाहिजे.

स्पष्टवक्ता
मुकादमाच्या वहीतली नावं कुणाला बघू देतील ते! ताई, फार भोळ्या आहात.

बालाघाट
विषयाला धरून दोन गोष्टी राहिल्या होत्या.

एक, सीआरपीला अगदीच टाकाऊ म्हणू नका. ब्रिटनमध्ये सीओपीडीच्या रुग्णांचा दम वाढला की डॉक्टरांनी तिथल्या तिथे बोटातून रक्त घेऊन सीआरपी बघितलं, तर अँटिबायोटिक घेणारे ७७ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर आले आणि रुग्णांचं काही बिघडलं नाही. हे २०१९ मध्ये छापून आलंय. आपल्याकडे दम वाढला की सुई, सलाईन आणि अँटिबायोटिक हा ठरलेला प्रसाद. तिथं ही तपासणी खरंच कामाला येईल.

दोन, प्रत्येक धाप सीओपीडीची नसते. टीबी होऊन गेलेल्या फुफ्फुसातही नळ्या अरुंद होतात, म्हणून एक्स-रे हवाच. आणि फुफ्फुसं कडक होण्याचा आजार वेगळा. देशभरातल्या २७ केंद्रांच्या नोंदवहीत, २०१७ मध्ये, अशा रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना अतिसंवेदनशीलतेतून होणारा न्यूमोनायटिस, म्हणजे ॲलर्जीसारखी फुफ्फुसाची सूज, निघाला आणि त्यात एअर कूलरचा संबंध ठळक होता. मराठवाड्यात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, आणि त्यातलं गवत तीन-तीन वर्षं बदललेलं नसतं. एसपी-डी हे प्रथिन या आजारातही वाढतं, म्हणून रक्तावरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि खाली वेल्क्रो सोलल्यासारखा आवाज आला, की त्या बाजूला बघायचं.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. कळवायचं राहिलं होतं. आईला अंबाजोगाईला नेलं. फुंकायची टेस्ट झाली, पहिल्यांदा नीट जमलं नाही, मग जमली. पंपानंतरचं गुणोत्तर ०.६१, पहिल्या सेकंदाची हवा अपेक्षेच्या ५८ टक्के. एक्स-रेत जुन्या टीबीची खूण नाही म्हणाले. जंताची गोळी देऊन पुन्हा मोजलं तर इओसिनोफिल ४१०. हृदयाची सोनोग्राफी ठीक. तीन औषधांचा पंप दिलाय, त्यात स्टिरॉइड आहे. लोहाच्या गोळ्या चालू केल्या.

तिकडच्या डॉक्टरांनी पॅकेजचा कागद बघितला, इओसिनोफिल आणि हिमोग्लोबिनवर गोल केला आणि बाकीचं परत दिलं.

चुलीचं म्हणाल तर अंघोळीच्या पाण्याची चूल अंगणात काढली. भाकरीचं अजून भांडण चालू आहे. आई म्हणायली, गॅसवर भाकरी फुगत नाही. मेव्हणा तिच्या बाजूने.

सुगरणखिंड
फुगते. तवा बाजूला घेऊन जाळीवर टाका म्हणावं. तुम्ही स्वतः करून दाखवा.

बालाघाट
छान झालं. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. मिसरीच्या नादात हे राहून जातं. कॅप्सूलचा पंप असेल तर श्वास जोरात ओढायचा, फवाऱ्याचा असेल तर सावकाश. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं, पुढच्या भेटीत पंप सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर घ्यायला लावा. टीबीचा कोर्स होऊन गेलाय आणि आता स्टिरॉइड चालू आहे, म्हणून ताप, वजन उतरणं किंवा बेडक्यात रक्त दिसलं तर न थांबता दाखवा. इओसिनोफिल दर महिन्याला मोजायचे नाहीत. शिबिरवाले पुन्हा आले तरी.

औंढ्याची
माझ्या जावेचं असंच आहे, वय ४५, ती तर हिंगोलीला नर्सरीत कामाला, घरी गॅस आहे, तरी धाप. रिपोर्ट टाकू का इथं?

बालाघाट
वेगळा धागा काढा. कामाच्या जागी काय फवारतात आणि घरी कूलर आहे का, ते आधी लिहा. नाव खोडून रिपोर्ट टाका.